रुमाल नाकावर, मास्क हनुवटीवर

चैत्र सरत आला की जळगाव-भुसावळकडचा 'बागायतदार', म्हणजे मोठा सुती रुमाल, गळ्यातून डोक्यावर चढतो. कुणी सांगावं लागत नाही. कान झाकायचे, एक टोक नाकावरून फिरवून मागे खोचायचं, डोळ्यांपुरती फट ठेवायची. मोटारसायकल ६०च्या वेगात असली तरी सुटत नाही. पोरींचा स्कार्फ तर त्याहून पक्का. ४४ अंशांत राजीखुशीने तोंड बांधून हिंडणाऱ्या या मुलखाला २०२० साली कोरोनात वीतभर मास्क का जड गेला, हे कोडं दुपारची झोप लागेपर्यंत पुरतं.

एक तर "काही होत नाही भो" आहेच. दुसरी आपली बोलायची रीत. माणूस गप्प असतो तोवर मास्क जागेवर. ओळखीचं कुणी भेटलं की बोटाने खाली, बोलणं संपलं की वर. म्हणजे थुंकीचे तुषार उडायच्या नेमक्या वेळी तोंड उघडं. मोबाइलवरही तेच. तोंडात पुडी असली तर विचारूच नका.

रुमालाचं विणकाम विरळ. झळ अडते, धूळ बरीच अडते, बारीक तुषार मात्र निसटतात. उन्हासमोर धरून आरपार उजेड दिसला तर समजायचं. तीन पदरी घडी केली तर काम भागतं, पण आपल्याकडच्या उन्हात ती घामाने लवकर भिजते. भिजलेल्या कापडातून श्वास ओढवत नाही, मग हवा बाजूच्या फटींतून ये-जा करते. म्हणून कापडी मास्क दोन हवेत, वापरलेल्याची पिशवी वेगळी. धुवायला साबण, वाळवायला आपलं ऊन. त्याची इथे टंचाई नाही.

निळा सर्जिकल मास्क मात्र धुवायचा नसतो. त्याच्या मधल्या पदरावर स्थिर वीज असते, ती बारीक कण ओढून धरते. साबणाने ती जाते आणि मास्क दिसतो नव्यासारखा. दोरीवर चिमटे लावून वाळत घातलेले असे किती मास्क लोकांनी नाकाला लावले असतील! नाकावरची तार न दाबता नुसता अडकवला की चष्म्यावर वाफ धरते. ती दिसली की समजावं, श्वास वरून निसटतोय. कानाच्या दोऱ्या पीळ देऊन अडकवल्या तर गालांपाशी फट पडते. त्यापेक्षा मास्कच्या कडेलगत दोरीला गाठ मारून उरलेली चुणी आत सारावी. झडपवाला महाग मास्क घेणाऱ्यांचं वेगळंच. आतला श्वास त्या झडपेतून न गाळता बाहेर.

रुमाल आपल्या नाकासाठी बांधायचा असतो, मास्क बराचसा समोरच्याच्या नाकासाठी. एवढ्यावर कोडं सुटलं म्हणावं, तर २६ एप्रिल २०२०ची आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आठवते. टाळेबंदीत बहुतेक सासुरवाशिणी माहेरी आल्याच नाहीत, झोके रिकामे राहिले, आणि ते निमूट सोसलं. मग यावल-चोपड्याच्या काळी-पिवळी जीपमध्ये दाटीवाटीने बसल्यावर हवा खेळती राहायला समोरासमोरच्या दोन काचा चार-चार बोटं खाली करायला काय जात होतं? झळ लागते म्हणे. नाक-कान तर बांधलेलेच असतात.

एसटीत जागा धरायला खिडकीतून रुमाल टाकतात. त्या वर्षी वापरलेला मास्क टाकला असता तर उचलून बाजूला ठेवायची कुणाची छाती झाली नसती. कुणाला सुचलं नाही.