वावर पाहिल्याशिवाय टेबल नाही

हिंगणघाटात आमचा रविवारचा शेतकरी बाजार पहिल्यांदा भरला तो 2016 च्या दसऱ्यानंतर. त्याच वर्षी जुलैत सरकारनं फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला होता. मी आणि धाकटा भाऊ मंडपाचा धंदा करायचो, त्यामुळे टेबलं, ताडपत्र्या, दोऱ्या घरच्याच होत्या. नव्हते ते विकणारे.

गावोगाव फिरलो. पुरुष म्हणायचे, "भाजी बायाच पाहतात, आमचं कापसाचं काम." बाया म्हणायच्या, "मालकाले विचारा." धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, वांगी, सांबार (आमच्याकडची कोथिंबीर), चवळीच्या शेंगा लावायच्या त्या बाया, पण सातबाऱ्यावर त्यांचं नाव नाही. एका कार्यालयात आम्हाला तोंडावर सांगितलं की सातबारा नसेल तर ती शेतकरी नाही. ते वाक्य मी अजून विसरलो नाही. त्या दिवसापासून आम्ही कागद मागणं सोडलं आणि वावर, म्हणजे शेत, पाहायला लागलो. झाडाची वांगी मोजायची, विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहतं का विचारायचं, मगच टेबल द्यायचं.

वायगावच्या हळदवाल्या काकू अशाच वावर पाहून आल्या. त्यांच्या गावच्या हळदीला त्याच वर्षी भौगोलिक मानांकन मिळालं होतं. काकू मात्र जुनी तागडी घेऊन यायच्या. एका पारड्याला पासंग म्हणून सुतळीनं खडा बांधलेला. गिऱ्हाईक त्या खड्याकडे पाहूनच मागे सरायचं. आम्ही शिक्का मारलेला इलेक्ट्रॉनिक काटा दिला तर म्हणाल्या, "भाऊ, मले हे लाल आकडे समजत नाही." माझ्या बायकोनं तीन रविवार शेजारी बसून शिकवलं. चौथ्या रविवारी काकू दुसऱ्या बाईला शिकवत होत्या. हळद पुडीत बांधायची म्हणून अन्न नोंदणीही करून घेतली, तेव्हा वर्षाला 100 रुपये लागायचे.

चार बाजार झाले आणि नोटबंदी आली. उधारीच्या वहीवर निघालो, सावरलो.

खरा घाव बसला तो 2019 च्या हिवाळ्यात. आमच्यापासून दोनशे पावलांवर, त्याच रविवारी, शहरातल्या एका व्यापाऱ्यानं बाजार लावला. वर बोर्ड 'शेतकरी बाजार'. टेबलाचे पैसे नाहीत, वरून टेम्पोभाडं आणि चहा. आम्ही टेबलामागे 50 रुपये घ्यायचो. सत्तावीस टेबलांपैकी एकोणीस एका महिन्यात तिकडे गेली. ज्यांच्या वावरात मी रात्री कंदील घेऊन उभा राहिलो होतो, त्यांनी नजर चुकवली.

त्याच्या बाजारात पहाटे नागपूरच्या कळमना ठोक बाजारातून गाडी यायची. फुलकोबीचे कॅरेट उतरायचे, ते शेतकऱ्याच्या टेबलावर रचले जायचे. सातबाऱ्याची झेरॉक्स प्रत्येकाच्या खिशात होती. कागद शंभर टक्के खरा आणि माल दुसऱ्याच्या वावरातला! मी चार ठिकाणी तक्रार केली. सगळीकडे एकच उत्तर, "त्यांची कागदपत्रं बरोबर आहेत."

आठ टेबलांचा बाजार कसा दिसतो ते ज्यानं पाहिलं त्यालाच कळेल. ताडपत्री मोठी, खाली माणूस नाही. भाऊ म्हणाला, मंडपच बरा. त्या रविवारी काकू गावातल्या पाच बाया घेऊन आल्या. कोणाकडे तुरीचे सोले, कोणाकडे आंबाडी, एकीकडे घरचं जवस. उरलेला सगळा माल आम्ही दोघा भावांनी उचलला. नव्या बाईचे पहिले तीन बाजार उरलेलं आम्हीच घ्यायचं, हा नियम तिथून पडला.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, आठवडी बाजार बंद झाले. आम्ही त्याच बायांची भाजी पिशव्या भरून घरोघर दिली. तो व्यापारी पुन्हा उभा राहिला नाही. पण तालुक्यात शेतकरी बाजाराची बातमी छापून आली तेव्हा फोटो त्याच्या बोर्डाचा होता. आमचं नाव एका ओळीतही नव्हतं. गेलेल्या एकोणीसपैकी अकरा जणांना परत घेतलं, पुन्हा वावर पाहून. पुढची वर्षं बरी चालली.

नवा बाजार लावणाऱ्यांना एवढं सांगतो. दिवाळीच्या आसपास विकणारे शोधायला जाऊ नका. कापसाच्या वेचणीची मजुरी रोज हातात पडते, ती सोडून बाई तुमच्या टेबलावर कशाला बसेल? मृगाआधी जा, म्हणजे तुमच्या बाजाराच्या हिशेबानं ती चार ओळी जास्त लावेल. संध्याकाळी जा, चूल पेटायच्या आत उठा. नव्या बाईला जुन्या बाईच्या शेजारी बसवा, पण दोघींचा माल एक नको. पहिल्या दिवशी पाचशे रुपयांची चिल्लर हातात द्या, नाहीतर सुट्ट्यावाचून गिऱ्हाईक परत जातं. आणि सांबार पाण्यात बुडवू नका, ओल्या पोत्यात गुंडाळा. बुडवलेला दहा वाजता काळा पडतो.

काकूंची तागडी त्यांच्या घरी खुंटीला आहे. मी दोनदा मागितली, त्यांनी दिली नाही.

येत्या बुधवारी गिरडकडे जायचं आहे. एका बाईनं चिवळ आणि दोडक्याचे वेल लावलेत म्हणे. वावर सासऱ्याच्या नावावर आहे.