आमची वाटचाल : जुन्या इंजिनांना डिजिटल करताना

इंग्लंडमध्ये माळ्यावर पडून राहिलेली हॉर्नबी, ट्राय-अँग आणि लिमा या कंपन्यांची, ओओ मापाची (1:76) मॉडेल रेल्वेची इंजिनं, यांवरच आमची कार्यशाळा चालते. जुन्या पद्धतीत रुळांतून जास्तीत जास्त 12 व्होल्ट डीसी जातो. कंट्रोलर फिरवला की त्या रुळावरची सगळीच इंजिनं हलतात. डीसीसीत, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोलमध्ये, रुळांवर कायम 14 ते 16 व्होल्टचा उलटसुलट होणारा प्रवाह असतो, त्यातूनच संदेश जातात आणि प्रत्येक इंजिनातला डिकोडर (छोटा सर्किट बोर्ड) आपल्या पत्त्यावरचा संदेश तेवढा उचलतो. जर्मनीतल्या लेन्त्झ यांच्या पद्धतीवरून अमेरिकेच्या एनएमआरए या मॉडेल रेल्वे संघटनेने 1990च्या दशकात याचं मानक ठरवलं. त्यामुळे एका कंपनीचा डिकोडर दुसरीच्या कंट्रोलरवर चालतो, आणि आमच्यासारख्या छोट्या दुकानाला काम मिळतं.

सुरुवात सोप्या कामांनी झाली. आठ पिनांचा सॉकेट असलेलं इंजिन उघडायचं, सॉकेटात बसवलेली कोरी पट्टी काढायची, डिकोडर खोचायचा. पण लोकांचा जीव असतो तो वडिलांच्या वेळच्या इंजिनात, आणि त्यात सॉकेट नसतो. ती कामं येऊ लागली तेव्हा आमची पद्धत ठरली: इंजिन आधी साध्या डीसीवर सुरळीत धावलं पाहिजे, डिकोडर त्यानंतर. सुकलेलं वंगण, मोटरला वीज पोहोचवणारे झिजलेले ब्रश, काळी पडलेली चाकं यांवर डिकोडर हा इलाज नाही.

पहिली मोजणी स्टॉल करंटची, म्हणजे मोटर अडून थांबली असताना ती किती करंट ओढते त्याची. 12 व्होल्ट द्यायचे, अ‍ॅमीटर जोडायचा, चाक क्षणभर दाबून धरायचं. आकडा डिकोडरच्या क्षमतेच्या आत हवा; या मापाचे बरेचसे डिकोडर सतत 1 अ‍ॅम्पिअर पेलतात. इंजिन मोकळं धावतानाही करंट जास्त दिसला तर आम्ही आधी चुंबकावर संशय घेतो. चुंबक मंदावला की मोटर जास्त करंट ओढते आणि तापते. ट्राय-अँगच्या एक्स04 मोटरचा आर्मेचर (फिरणारा भाग) बाहेर काढताना चुंबकाच्या दोन टोकांना लोखंडी तुकडा लावून ठेवावा, नाहीतर चुंबकाची ताकद तिथेच उतरते.

सगळ्या कामाची मेख मात्र मोटरचा चासीशी असलेला विजेचा संबंध तोडण्यात आहे. जुन्या इंजिनांत एक ब्रश थेट धातूच्या चासीला जोडलेला असतो. एक्स04मध्ये ब्रशच्या स्प्रिंगच्या एकाच टोकावर इन्सुलेशनची नळी असते. आम्ही दुसऱ्या टोकावरही नळी चढवतो आणि त्या ब्रशला स्वतंत्र तार देतो. हॉर्नबीच्या रिंगफील्ड मोटरमध्ये पत्र्याची जीभ किंवा स्क्रू चासीला टेकतो. जीभ कापायची, गरज पडल्यास स्क्रू नायलॉनचा घालायचा. मग मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून मोटरचं प्रत्येक टोक चासीशी आणि प्रत्येक चाकाशी तपासायचं, चाकं फिरवत फिरवत. एकदाही ‘बीप’ यायला नको. आला, तर रुळावरचा प्रवाह डिकोडरच्या मोटरकडच्या टोकांत घुसतो आणि डिकोडर क्षणात जळतो.

तारांचे रंग ठरलेले आहेत: लाल उजव्या रुळाला, काळी डाव्या, केशरी आणि करडी मोटरला. पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या, निळी दिव्यांची सामाईक धन तार. एलईडी लावताना 1 किलोओहमचा रोधक घालतो. मोटरवरचा जुना कपॅसिटर काढतो. तो राहिला तर बॅक-ईएमएफची (फिरत्या मोटरने उलट तयार केलेल्या व्होल्टेजची, ज्यावरून डिकोडर वेग ओळखतो) मोजणी बिघडते आणि इंजिन संथ वेगात गचके खातं. डिकोडर टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यात, दुहेरी टेपने बसवतो, पण चारही बाजूंनी गुंडाळत नाही, कारण उष्णतेला बाहेर पडायला वाट हवी.

टेंडरमध्ये मोटर असलेल्या हॉर्नबींची वेगळीच अडचण. वीज एका बाजूने इंजिनाच्या चाकांतून, दुसऱ्या बाजूने टेंडरच्या चाकांतून, आणि तीही मोजक्याच चाकांतून येते. डीसीवर हे खपून जातं. डीसीसीत मात्र सांध्यावर वीज क्षणभर तुटली तरी डिकोडर नव्याने सुरू होतो. म्हणून फॉस्फर ब्राँझच्या बारीक तारेचे जादा पिकअप (चाकावरून वीज घेणाऱ्या पट्ट्या) लावतो, चाकाला जेमतेम स्पर्श होईल इतके हलके. दाब वाढला की तेच ब्रेक होतात. ज्या डिकोडरला सोय आहे त्याला वीज तुटल्यावर क्षणभर पुरवठा करणारा स्टे-अलाइव्ह कपॅसिटरही जोडतो, पण सेटिंग पूर्ण झाल्यावरच, कारण काही वेळा त्याच्यामुळे प्रोग्रॅमिंगच अडतं.

पहिली वीज कायम प्रोग्रॅमिंग रुळावर (डिकोडरची सेटिंग करण्यासाठीच्या वेगळ्या रुळावर), तिथे करंट मर्यादित असतो. सीव्ही म्हणजे डिकोडरमधली क्रमांक दिलेली सेटिंग. सीव्ही 1, म्हणजे पत्ता, वाचल्यावर नव्या डिकोडरचा मूळ पत्ता 3 दिसला तर जोडणी जागेवर आहे. मग नवा पत्ता, सीव्ही 2मध्ये सुरुवातीचा व्होल्टेज, 3 आणि 4मध्ये वेग घेणं-सोडणं. इंजिन परत देताना स्टॉल करंट आणि बदललेल्या सीव्हींचा कागद डब्यात ठेवतो. पुढे दुरुस्ती कोणीही केली तरी त्याला चाचपडावं लागू नये.

एक काम आम्ही सहसा घेत नाही. मूळ खोक्यासह, न उघडलेलं दुर्मीळ इंजिन आलं तर ग्राहकाला आधी संग्राहकाकडून किंमत काढायला सांगतो. कापलेली जीभ पुन्हा जोडता येते, पण ते इंजिन कारखान्यातून निघालं तसं राहत नाही.