आईची पुडी आणि सकाळी आठचं रक्त

आईच्या गुडघ्यांसाठी आमच्याकडे दोन वर्षं पुड्या येत होत्या. देणारा माणूस मार्चपासून फिरकलाच नाही, पुड्या संपल्या आणि आईनं अंथरूण धरलं. जेवण नको, मळमळ, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. सोलापूरचा एप्रिल, ऊन बाधलं असंच आम्ही धरून चाललो. सलाईन लावलं की दोन दिवस बरं, पुन्हा तेच. रक्तातलं सोडियम घसरून 126 वर आलं तेव्हा डॉक्टरांनी कॉर्टिसॉल तपासायला सांगितलं, म्हणजे मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी बनवतात ते हार्मोन.

मी घाईघाईनं दुपारी चारला तिला लॅबमध्ये नेलं. वेळेबद्दल कुणी विचारलंही नाही. आकडा आला 4. हार्मोनच्या डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट बाजूला सारला. "कॉर्टिसॉल पहाटे चढतं, दुपारनंतर उतरतं. या आकड्यावर काही ठरवता येत नाही. सकाळी आठला रक्त द्या." मग विचारलं, "स्टिरॉइड कधी घेतलंय? इनहेलर, सांध्यातलं इंजेक्शन, मलम?" मी नाही म्हणालो. आईनं पिशवीतून पुडीचा घडी घातलेला कागद काढला. "एवढंच घेत होते, बाई."

सकाळचं 7 आलं. 3 च्या खाली असतं तर कॉर्टिसॉल कमी पडतंय हे जवळजवळ पक्कं, 18 च्या वर असतं तर शंका मिटली असती. आम्ही मधेच अडकलो. भाऊ म्हणाला, सरळ पोटाचा सीटी काढू. मॅडम म्हणाल्या, आधी एसीटीएच, म्हणजे कॉर्टिसॉल बनवायचा हुकूम देणारं पिट्यूटरी ग्रंथीचं हार्मोन. ते वाढलेलं असेल तर दोष अ‍ॅड्रिनल ग्रंथीतच, मग सीटी आणि ती ग्रंथी बिघडवणाऱ्या क्षयाचा शोध; कमी असेल तर मेंदूतल्या पिट्यूटरीकडून हुकूमच येत नाहीये. इन्सुलिननं साखर पाडून करायचीही एक चाचणी असते, पण 68 व्या वर्षी तो धोका त्यांना नको होता.

एसीटीएचची जांभळ्या टोपणाची ट्यूब आधीच गार करून ठेवलेली होती. रक्त भरलं की लॅबच्या पोरानं ती बर्फात खुपसली आणि डबा उराशी धरून जिना चढला. हे हार्मोन उकाड्यात टिकत नाही. रिपोर्ट कमी आला, सीटी वाचला.

शेवटची चाचणी एसीटीएचचं इंजेक्शन देऊन, कॉर्टिसॉल किती चढतं ते बघायची. त्याचं नेहमीचं इंजेक्शन, सिनॅक्थेन, मिळालं नाही, म्हणून जास्त वेळ टिकणारं दिलं आणि तासानं रक्त घेतलं. 18 च्या आसपास जायला हवं होतं, 11 वर थांबलं. पुडीतल्या स्टिरॉइडनं शरीराचं स्वतःचं काम झोपवलं होतं, असं मॅडमनी सांगितलं. बीपी कोसळलं असतं तर कुठल्याही रिपोर्टची वाट न पाहता हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधाच्या रूपातलं कॉर्टिसॉलच, टोचलं असतं, हेही बजावलं.

गोळ्या सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी आईनं स्वतः उठून शेंगाची चटणी कुटायला घेतली. पुडीचा तो कागद आता तिच्या फाईलमध्ये पहिल्या पानावर लावलाय.