काळा धूर दिसला की लगेच इंजेक्टर बदलू नका

आज एका जुन्या टर्बो पेट्रोल गाडीचा रिच मिक्श्चरचा (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) दोष शोधला. प्लग काजळीने माखलेले, एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर ०.९ व्होल्टवर, म्हणजे 'रिच'वर, चिकटलेला. हा सेन्सर खोटं बोलत नसतो. त्याला उगाच बदलतात!

आधी पेट्रोलचा दाब राखणाऱ्या प्रेशर रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढा. नळीत पेट्रोल दिसलं तर रेग्युलेटरमधला डायफ्रॅम (पडदा) फाटलाय. मग इंजिनाचं तापमान मोजणारा कूलंट सेन्सर: बॉशच्या जुन्या सेन्सरचा रेझिस्टन्स २० अंशांना साधारण २.५ किलोओहम, ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास. गरम इंजिनावरही तो किलोओहममध्येच असेल तर ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) इंजिन थंड समजून पेट्रोल ओततो.

धूर फक्त बूस्टवर (टर्बो हवा दाबत असताना) येत असेल तर इंटरकूलरचे, म्हणजे टर्बोची हवा थंड करणाऱ्या कूलरचे, होज तपासा. एअर फ्लो सेन्सरने मोजलेली हवा चिरेतून निसटते, पेट्रोल मात्र पूर्ण पडतं. चीर बहुधा क्लॅम्पखालीच लपलेली असते. टर्बोच्या तोंडातून अर्धा बार हवा भरून साबणाचं पाणी मारा, बुडबुडे येतील तिथे चीर.