सफरची अठरावी तारीख

पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीपुढे आपली प्रगती मांडायची, असा नियम आहे. बहुतेक ठिकाणी तो उरकला जातो. पंधरा-वीस स्लाइड, चहा, बिस्किटं, 'चांगलं चाललंय, आता लवकर संपवा', तीन सह्या. अहवालाच्या नमुन्यात लेख किती, परिषदा किती, प्रकरणं किती याचे रकाने असतात, आणि मुलंही त्याच रकान्यांसाठी जगायला लागतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2016 च्या नियमांत प्रबंध सादर करण्याआधी एक शोधनिबंध आणि परिषदांतली दोन सादरीकरणं सक्तीची होती. नोव्हेंबर 2022 मध्ये ती सक्ती गेली. नोकरीच्या मुलाखतीला बोलावताना मात्र अजून लेखच मोजले जातात, त्यामुळे पैसे घेऊन छापणाऱ्यांचा धंदा काही बसला नाही.

मी इतिहासाची प्राध्यापक आणि गाईड आहे. ज्या दिवसाबद्दल लिहिते आहे, त्या दिवशी माझ्या एका विद्यार्थिनीची अशीच समितीची बैठक होती. तालुक्याच्या गावी ती तासिका तत्त्वावर शिकवते, मानधन चार-चार महिने थकतं. सुट्टी मिळाली की पहाटेच्या एसटीने पुण्याला येऊन पेशवे दफ्तरात, म्हणजे पेशवाईतल्या कागदांच्या संग्रहात बसते. मोडी तिने वर्ग लावून शिकून घेतली. सुरुवातीला दिवसभरात एक कागद लागला तरी खूश व्हायची.

तिचा विषय 1803-04 चा दुष्काळ. गॅझेटिअरमध्ये त्याची हकिकत ठरलेल्या क्रमाने येते. ऑक्टोबर 1802 मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, पेशवा दुसरा बाजीराव पळाला, इंग्रजांशी वसईचा तह झाला. होळकरांच्या फौजांनी आणि पेंढाऱ्यांनी पुणे-नगरकडचा मुलूख धुऊन काढला, आणि त्यावर 1803 चा परतीचा पाऊस दगा देऊन गेला. म्हणजे आधी लूट, मग अवर्षण. तिचा प्रश्न साधा होता: पाऊस जायच्या आधीच गावं मोडली होती का? नुसत्या लढाईने माणसं उपाशी मरायला लागली होती का?

आणि तिला कागद मिळाला होता. एका गावच्या पाटलाचा अर्ज. रयत परागंदा झाली, पोटास नाही, पेरणीला बी नाही, कौल (सवलतीचं अभयपत्र) द्यावा. तारीख छ 18 सफर, म्हणजे सफर या मुसलमानी महिन्याची अठरावी; वर्ष पेशवाईत चालणाऱ्या सुहूर सनाचं, अर्बा मयातैन व अलफ, म्हणजे 1204. त्यात 599 मिळवले की 1803. सुहूर सन मृगापासून सुरू होतो, तेव्हा सफरची अठरावी म्हणजे जून 1803 चा दुसरा आठवडा. परतीच्या पावसाला अजून तीन महिने होते, तरी गाव ओस! तिने यावर लेख लिहिला, एका नियतकालिकाने तो स्वीकारला, 'फी भरा' असंही कळवलं. समितीपुढे ती हे मांडणार, एवढंच मला माहीत होतं.

तिने पहिलीच स्लाइड लावली आणि म्हणाली, "लेख मी मागे घेतलाय."

समितीत बाहेरून आलेले एक ज्येष्ठ अभ्यासक होते. मोडी कागदांत आयुष्य काढलेला माणूस. त्यांनी चष्मा वर केला. विभागप्रमुख माझ्याकडे पाहायला लागले. मलाही हे नवीनच होतं.

मग तिने एक तक्ता दाखवला. पेशवाईतल्या कागदांवर दिवस आणि महिना मुसलमानी चांद्र पंचांगातला असतो, वर्ष मात्र सुहूर सनाचं, म्हणजे मृगापासून मृगापर्यंतचं सौर वर्ष. चांद्र वर्ष 354 दिवसांचं, सौर 365 चं. फरक अकरा दिवसांचा. त्यामुळे एकाच सुहूर सनात दहा-अकरा तारखा दोनदा येतात, वर्षाच्या सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा. 1204 मध्ये त्या सफर महिन्यात पडतात. सफरची अठरावी जून 1803 मध्येही येते आणि मे 1804 च्या अखेरीलाही. पहिली धरली तर गाव लढाईने मोडलं. दुसरी धरली तर दुष्काळाचं अख्खं वर्ष सोसून मोडलं, आणि त्यात नवीन काहीच नाही.

"हे आम्हाला ठाऊक आहे," ज्येष्ठ म्हणाले. खरंच होतं ते. जुन्या लोकांना ही गोम माहीत असते, मोडकांची जंत्री, म्हणजे जुन्या तारखा जुळवायची कोष्टकं, शेजारी ठेवून बसलं की दिसतेच. "संदर्भावरून ठरवायचं असतं. आम्ही तेच करत आलो."

"संदर्भ दुष्काळाचाच आहे ना सर? दुष्काळ पाहून तारीख ठरवायची आणि त्याच तारखेवरून दुष्काळाचं कारण सांगायचं?"

खोलीत कुणीच काही बोललं नाही. मला आतून हसू येत होतं, ते मी चहाच्या कपात लपवलं.

ती पुढे सांगत गेली. अर्जात बी मागितलंय. मेअखेर काय आणि मृग काय, पेरणीच्या तोंडावर बी मागतातच. अक्षर ज्या कारकुनाचं, त्याचे कागद दोन्ही वर्षांत सापडतात. वार लिहिलेला नाही. रुमालातला, म्हणजे दफ्तरातल्या कापडी गठ्ठ्यातला क्रम पाहावा तर कागद कधीतरी सुटून पुन्हा बांधलेत, त्या क्रमावर विसंबता येत नाही. त्या गावचे बाकीचे कागद तिने धुंडाळले. त्यांच्या तारखा वर्षाच्या मधल्या रमजान-जिल्कादच्या, त्या निःसंशय, पण म्हणूनच पाऊस गेल्यानंतरच्या. शेवटच्या स्लाइडवर दोनच वाक्यं होती: लुटीमुळे गावं ओस पडू लागली असणं शक्य आहे. सप्टेंबर 1803 च्या आधीचा निर्विवाद कागद या परगण्यात मला मिळालेला नाही.

"मग हाती काय राहिलं?" विभागप्रमुखांनी विचारलं. त्यांचा प्रश्न रास्त होता, त्यांना रकाने भरायचे होते. "लेख नाही, निष्कर्ष नाही. सहा महिन्यांचं काम काय दाखवायचं?"

मी इतकी वर्षं गाईड आहे. वेळेत प्रबंध देणारे, लेखांची रास लावणारे, व्हायवाला पेढे वाटणारे पाहिले. त्यातल्या काहींना आपल्याच प्रबंधातला कोणता पुरावा भक्कम आणि कोणता लेचापेचा हे शेवटपर्यंत सांगता आलं नाही. पदवी त्यांनाही मिळाली, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण यश म्हणून मला कुणी विचारलं तर मी ही बैठक सांगेन. आपल्याला हवा होता तोच कागद हातात असताना, त्यातून एवढंच निघतं, याच्या पुढे नाही, असं खोलीतल्या सगळ्यांपेक्षा ठामपणे ती सांगू शकत होती. हे मी तिला शिकवलेलं नाही. मी तारखा तपासायला शिकवलं होतं. स्वतःच्या आवडत्या तारखेवर संशय घेणं तिचं तिने मिळवलं.

विभागप्रमुखांना मी म्हटलं, कालनिश्चितीचं टिपण प्रबंधाला परिशिष्ट म्हणून जोडू, तेच दाखवा. त्यांनी 'प्रकाशने' या रकान्यात रेघ मारली. 'प्रगती' पुढे 'समाधानकारक' लिहायला ते जरा अडखळले, पण ज्येष्ठांनी आधीच सही केली होती. विद्यार्थिनीला साडेचारची एसटी गाठायची होती. दुसऱ्या दिवशी तिची सकाळची तासिका होती, आणि एक तास बुडाला की एका तासाचे पैसे कापतात.

रात्री ज्येष्ठांचा फोन आला. त्यांच्या एका जुन्या लेखाचा सगळा डोलारा मृगाच्या आसपासच्या एका पत्रावर उभा होता. जंत्री काढून बसले होते, पण तिच्या तक्त्यातलं एक गणित पुन्हा पाहायचं होतं. "तिचा नंबर द्या जरा," म्हणाले. दिला. त्यांनी तिला पत्राची इंग्रजी तारीख पाठवली. तिचं उत्तर त्यांनीच दुसऱ्या दिवशी मला वाचून दाखवलं: "सर, काढलेली तारीख नको. मुळात काय लिहिलंय तेवढं पाठवा."