तुम्ही विचारलंत म्हणून: बेंचवरचा तो पोरगा स्टार्टर होईल का?

हा प्रश्न मला दर सीझनला येतो, फक्त खेळाडूचं नाव बदलतं. एनबीए, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधली कुठलीतरी टीम, तिच्या बेंचवर एकवीस-बावीस वर्षांचा एक गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेणारा, बाहेरून खेळणारा खेळाडू, ड्राफ्टमध्ये (टीम नवे खेळाडू निवडतात त्यात) दुसऱ्या राउंडला गेलेला किंवा कुणी घेतलाच नाही असा, मॅचला आठ-दहा मिनिटं मिळतात, त्यात तो एखादा बॉल हिसकावतो, दोन मस्त पास देतो, आणि बघणारा विचारतो की अहो याला सुरुवातीच्या पाचात का घेत नाहीत, हा होईल का स्टार्टर?

होऊ शकतो. मनापासून सांगतोय, कारण असे पोरगे झालेले मी पाहिलेत. पण कुणाच्या बाबतीत मी ठामपणे हो म्हणतो आणि कुणाच्या बाबतीत गप्प बसतो, ते जरा नीट सांगायला हवं.

आधी एक साधा हिशोब. मॅच ४८ मिनिटांची, कोर्टवर एका टीमचे पाच, म्हणजे वाटायला एकूण २४० मिनिटं. त्यात गार्डच्या दोन जागा धरल्या तर ९६ मिनिटं. दोन स्टार्टर प्रत्येकी ३४ च्या आसपास खेळले तर ६८ गेली, उरली २८, आणि त्यात तिसरा, चौथा, कधी पाचवा गार्ड. सगळ्या लीगमध्ये टीम ३०, म्हणजे स्टार्टर गार्डच्या जागा साधारण ६०. आणि दर वर्षी ड्राफ्टमधून जवळपास तेवढेच नवीन खेळाडू दारात येऊन उभे राहतात, शिवाय न निवडलेले वेगळे. त्यामुळे पोरगा चांगला आहे एवढ्यावर जागा होत नाही, कुणीतरी उठावं लागतं. दुखापत, ट्रेड, कॉन्ट्रॅक्ट संपणं, काहीतरी घडतं तेव्हाच दार उघडतं. तुमचा लाडका गार्ड बसून असेल तर लगेच कोचला शिव्या देऊ नका, त्याच्या पुढे कोण आहे आणि त्याचं कॉन्ट्रॅक्ट कधीपर्यंत आहे ते आधी बघा.

दार उघडण्याची गोष्ट म्हटली की जेरेमी लिन आठवतोच. हार्वर्डचा मुलगा, २०१० च्या ड्राफ्टमध्ये कुणी घेतला नाही, डिसेंबर २०११ मध्ये आधी गोल्डन स्टेटने सोडला, मग ह्यूस्टनने, आणि न्यूयॉर्क निक्सने उचलला तोही बेंचच्या टोकाला बसायला. टीम हरत होती, बॅरन डेव्हिस दुखापतीमुळे बाहेर, बाकीच्या गार्डना लय सापडत नव्हती. ४ फेब्रुवारी २०१२ ला नेट्सविरुद्ध कोच माइक डँटोनीने त्याला आत पाठवला आणि त्याने २५ पॉइंट आणि ७ असिस्ट, म्हणजे बास्केट करून देणारे पास, केले. ६ तारखेला युटाविरुद्ध एनबीएमधला पहिला स्टार्ट, २८ पॉइंट. १० तारखेला लेकर्सविरुद्ध ३८. टीम सलग सात मॅच जिंकली. ते दिवस ज्यांनी बघितलेत त्यांना वेगळं सांगायला नको, मी तर हायलाइट्स पुन्हा पुन्हा लावून बघायचो.

पण त्यातली दुसरी बाजू कुणी आठवत नाही आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. १७ फेब्रुवारीला न्यू ऑर्लिन्सविरुद्ध त्याचे ९ टर्नओव्हर झाले, म्हणजे नऊ वेळा बॉल समोरच्यांकडे गेला, आणि सलग जिंकणं थांबलं. २३ तारखेला मायामीत तर ११ शॉटपैकी १ आत, ८ टर्नओव्हर. म्हणजे काय झालं, तर तीन आठवड्यांच्या आत समोरच्या टीमनी त्याचा अभ्यास केला, पिक अँड रोलमधून, म्हणजे साथीदाराने डिफेंडरला अडवल्यावर, तो बाहेर आला की दोघं अंगावर धावून जायचे, त्याला एका बाजूला ढकलायचे आणि हातातून बॉल काढायचे. नंतर गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तो सीझन तिथेच संपला. पुढे ह्यूस्टनने त्याला स्टार्टर म्हणूनच परत घेतला आणि तो बरीच वर्षं लीगमध्ये टिकला, ही लहान गोष्ट नाही. मी त्यातून एवढंच घेतलं की पहिल्या दहा मॅच तुम्ही खेळता, अकरावी समोरचा तुमच्याविरुद्ध तयारी करून खेळतो, आणि स्टार्टर ठरतो तो त्या अकराव्या मॅचनंतर.

म्हणून मला लिनपेक्षा फ्रेड व्हॅनव्हलीटचं उदाहरण द्यायला जास्त आवडतं. त्यात धमाका कमी आहे, पण रस्ता स्पष्ट दिसतो. विचिटा स्टेटचा, सहा फुटांच्या आसपासचा गार्ड, २०१६ ला ड्राफ्टमध्ये नाव आलं नाही. टोरंटोने घेतला, तो त्यांच्या छोट्या लीगमधल्या टीमकडूनही खेळला, ती टीम २०१७ ला चॅम्पियन झाली. मग वरच्या टीमच्या बेंचवर, पुढे स्टार्टर गार्ड काइल लाउरी, म्हणजे दार बंदच. पण टोरंटोने काय केलं, त्याला लाउरीच्या जागी न घेता लाउरीच्या सोबत खेळवायला सुरुवात केली, दोन लहान गार्ड एकत्र. आणि तो बसला त्यात, कारण बॉल हातात नसतानाही तो उपयोगी होता, कोपऱ्यात उभा राहून थ्री, म्हणजे लांबून तीन पॉइंटचा शॉट, मारायचा आणि समोरच्या शूटरच्या मागे स्क्रीन, म्हणजे वाट अडवून उभे राहिलेले खेळाडू, चुकवत पळायचा. २०१९ च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीत, फिलाडेल्फियाविरुद्ध त्याचा शॉट अजिबात पडत नव्हता, लोक म्हणायचे बसवा याला. मग मिलवॉकीविरुद्ध शेवटच्या तीन मॅचमध्ये १७ पैकी १४ थ्री. फायनलला गोल्डन स्टेटच्या स्टेफन करीच्या मागे सावलीसारखा, आणि ज्या सहाव्या मॅचला टोरंटो चॅम्पियन झालं तिच्यात बेंचवरून येऊन २२ पॉइंट, त्यातले १२ शेवटच्या क्वार्टरमधले. पुढच्या सीझनला तो स्टार्टर होता, यात कुणाला आश्चर्यही वाटलं नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत ऑर्लँडोविरुद्ध ५४ पॉइंट, २०२२ ला ऑलस्टार, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंत.

शॉट पडत नव्हता तेव्हाही कोच निक नर्स त्याला पूर्ण बाहेर का बसवत नव्हता, हा खरा प्रश्न आहे बघा.

आता माझं थोडं. मी कॉलेजच्या टीममध्ये दोन वर्षं बेंचवरचा गार्ड होतो. आत गेलो की मला वाटायचं मिनिटं थोडी आहेत, काहीतरी करून दाखवायला पाहिजे, मग मी घाईत शॉट मारायचो, ड्रिबल जास्त करायचो. तिसऱ्या वर्षी आमच्या कोचनी मला बाजूला घेऊन विचारलं की तू आत असतोस तेव्हा आपल्या सेंटरला बॉल कुठे मिळतो सांग. मला उत्तरच देता आलं नाही. मी कधी बघितलंच नव्हतं. सेंटर म्हणजे टीमचा उंच, बास्केटजवळ खेळणारा खेळाडू, त्याला बास्केटच्या जवळ, दोन्ही पाय रोवलेले असताना बॉल हवा असायचा आणि मी त्याला लांब, पळता पळता, गुडघ्याच्या उंचीवर पास देत होतो. त्या दिवसापासून माझा खेळ किती सुधारला ते सोडा, पण बास्केटबॉल बघायची माझी नजर कायमची बदलली. तेव्हापासून मी कुठलाही तरुण गार्ड बघतो तेव्हा त्याच्याकडे कमी आणि बाकीच्या चौघांकडे जास्त बघतो.

मला तर वाटतं स्टार्टर होण्याचं सगळं उत्तर या चौघांत आहे. सुरुवातीच्या पाचात आधीच दोन-तीन मोठे खेळाडू असतात, बॉल त्यांच्याच हातात असणार, त्यामुळे नव्या गार्डने ३० टक्के जास्त पॉइंट केले काय आणि नाही काय, प्रश्न असा की तो आत आल्यावर त्या मोठ्या खेळाडूंचं काम सोपं होतं की अवघड. कॅच अँड शूट, म्हणजे पास घेऊन लगेच शॉट, जमत नसेल तर त्याचा डिफेंडर त्याला सोडून आत जाऊन उभा राहतो आणि तुमच्या स्टारला ड्राइव्ह करायला जागाच राहत नाही. हे बेंचच्या युनिटमध्ये खपून जातं कारण तिथे बॉल त्याच्याच हातात असतो, पण स्टार्टरसोबत तो एकदम उघडा पडतो. म्हणून ‘आठ मिनिटांत एवढं करतो तर बत्तीस मिनिटांत चौपट करेल’ हा गुणाकार मला कधीच पटला नाही. ती बत्तीस मिनिटं वेगळ्या लोकांसोबत आणि वेगळ्या लोकांविरुद्ध असतात.

आणि डिफेन्स. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक लहान गार्ड इथेच अडकतात. रेग्युलर सीझनला चालून जातं, प्लेऑफला समोरची टीम शोधून शोधून त्याच्यावर येते. तो ज्याला धरतो तो माणूस वर येऊन स्क्रीन लावतो, स्विच झाला, म्हणजे डिफेंडरनी आपापली माणसं बदलली, की आता हा पोरगा त्यांच्या सर्वात भारी स्कोररसमोर एकटा, आणि हे एकदा नाही, प्रत्येक पझेशनला. मग कोच काय करणार, कितीही आवडता असला तरी बाहेर काढणार. आयझेया थॉमस २०११ च्या ड्राफ्टमधला ६० वा, म्हणजे सगळ्यात शेवटचा, उंची पाच फूट नऊ इंच, बॉस्टनसाठी २०१६-१७ ला मॅचमागे २८.९ पॉइंट करत होता, एवढं केल्यावरच त्याच्या डिफेन्सची भरपाई होत होती. एवढं कितीजण करणार?

याच्या उलट लू डॉर्ट. २०१९ ला ड्राफ्ट झाला नाही, ओक्लाहोमा सिटीने टू-वे कॉन्ट्रॅक्टवर घेतला, म्हणजे अर्धा वेळ जी लीग या छोट्या लीगमध्ये, अर्धा वर. त्याच सीझनला तो स्टार्टर झाला, तेही शॉट साधारण असताना, कारण समोरच्या सगळ्यात मोठ्या स्कोररला तो एकटा धरून ठेवायचा. २०२० च्या प्लेऑफला ह्यूस्टनच्या जेम्स हार्डनला त्याने जे हैराण केलंय ते बघण्यासारखं आहे. ह्यूस्टनवाले त्याला थ्री-पॉइंट लाइनवर मोकळं सोडून द्यायचे, मार म्हणायचे, आणि सातव्या मॅचला त्याने ३० पॉइंट केले. टीम दोन पॉइंटने हरली, पण हा पोरगा पुन्हा बेंचवर जाणार नाही हे त्या दिवशी दिसलं, आणि २०२५ ला ओक्लाहोमा सिटी चॅम्पियन झाली तेव्हा तो त्यांच्या सुरुवातीच्या पाचात होता. एक गोष्ट एवढी चांगली हवी की तिच्यासाठी कोच बाकीचं सहन करेल, असं काहीतरी.

जेलन ब्रन्सनचं मात्र वेगळं. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये ३३ वा, व्हिलानोव्हाकडून दोन कॉलेज चॅम्पियनशिप जिंकून आलेला, तरी डॅलसमध्ये लुका डाँचिचसारखा स्टार गार्ड असताना कुणाचं लक्ष जाणार. २०२१ च्या प्लेऑफला क्लिपर्सविरुद्ध त्याची मिनिटं कमी झाली, समोरचे उंच होते आणि हा चालत नव्हता. तेव्हा मीही म्हणालो होतो की हा चांगला बॅकअप आहे, त्यापुढे नाही. चुकलो. पुढच्या सीझनला लुका नसताना त्याने सुरुवात केली, मग लुका आला तरी दोघं एकत्र राहिले, आणि २०२२ च्या प्लेऑफला युटाविरुद्ध लुका दुखापतीमुळे बाहेर असताना दुसऱ्या मॅचला ४१ पॉइंट आणि टर्नओव्हर शून्य. ४१ पेक्षा मला त्या शून्याचं जास्त वाटलं. सगळी टीम त्याच्यावर तुटून पडलेली असताना एकही बॉल गेला नाही. त्या उन्हाळ्यात निक्सने त्याला चार वर्षांसाठी १०.४ कोटी डॉलर दिले आणि तेव्हा बरेच लोक जास्त झाले म्हणत होते.

ब्रन्सनवरून मी हे शिकलो की बावीसाव्या वर्षी जो अडकला तो पंचविसाव्या वर्षी अडकेलच असं नाही. लहान गार्डला आपल्या शरीराचा वापर करायला, थांबून, पाठ लावून, समोरच्याला हवेत उडवून मग शॉट घ्यायला वेळ लागतो. स्टीव्ह नॅश फीनिक्समध्ये आधी केव्हिन जॉन्सन आणि जेसन किडच्या मागे बसला होता, एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू, झाला तो २००५ ला, एकतिसाव्या वर्षी.

अजून एक, स्टार्टर या शब्दाला लोक फार चिकटतात. मानू जिनोबिली १९९९ च्या ड्राफ्टमधला ५७ वा, करिअरमधल्या बऱ्याच मॅच बेंचवरून आला, पण मॅच अटीतटीची असली की शेवटी सॅन अँटोनियोच्या पाचात तो असायचाच. पहिल्या मिनिटाला कोण उभा आहे ते स्पीकरवर जाहीर होतं, शेवटच्या पाच मिनिटांत कोण उभा आहे ते कोचच्या मनातलं असतं. बेंचवरचा पोरगा आधी या शेवटच्या पाच मिनिटांत शिरतो, सुरुवातीच्या पाचात त्याचं नाव नंतर येतं. व्हॅनव्हलीटचं अगदी असंच झालं.

म्हणून तुम्ही मला एखाद्या पोराबद्दल विचारलंत की मी त्याचे पॉइंट बघत नाही. त्याच्या चार-पाच मॅच काढतो आणि वहीत एवढंच लिहितो: टीम पंधराने पुढे असताना आत आला की दोनने मागे असताना, सेंटरला बॉल कुठे मिळाला, स्विच झाल्यावर कोचने काढला की राहू दिला, आणि शेवटची पाच मिनिटं होता का.