लाइनबॅकर व्हायला नववीची मार्कशीट लागते: माझा अनुभव

भारतात नववी करून अमेरिकेत आलेलं पोर घरात असेल आणि ते इथे कुठलाही खेळ जरा बरा खेळत असेल, तर आत्ता उठा आणि त्याचं नववीचं प्रगतिपुस्तक कुठे आहे ते बघा. दहावीचं नाही म्हणत मी, नववीचं. आमचं रद्दीत गेलं होतं. त्यापायी २०१८ चा अख्खा उन्हाळा जे भोगलं ते आठवलं की अजून डोकं तापतं. म्हणून लिहायला बसलोय.

मी नववीपर्यंत पुण्यात शिकलो, सेमी-इंग्लिशला. २०१५ च्या जूनमध्ये बाबांच्या नोकरीमुळे आम्ही शिकागोजवळ नेपरविलला आलो. पुण्यात मी कबड्डी खेळायचो, उजवा कोपरा. इथे कबड्डी कुठली असणार! पण पीटीच्या तासाला मी एका दांडगट पोराला अडवून खाली बसवलं, ते फुटबॉलच्या मास्तरांनी पाहिलं. फुटबॉल म्हणजे इथला, अंड्यासारखा चेंडू काखेत मारून पळायचा. "हे कुठे शिकलास?" त्यांनी विचारलं. मी कबड्डी समजावायला गेलो, त्यांना ओ की ठो कळलं नाही. पण दुसऱ्या आठवड्यात मी लाइनबॅकर होतो.

लाइनबॅकर म्हणजे बचावाची मधली फळी. पुढे सव्वाशे-दीडशे किलोचे चार जण जमिनीला हात टेकून वाकलेले, मागे पास अडवणारे चपळ गडी, आणि मध्ये आम्ही. चार-तीनच्या मांडणीत आम्ही तिघे: मधला माइक, समोरच्यांची माणसं जास्त असतील त्या बाजूचा सॅम आणि कमी असतील त्या बाजूचा विल. मी विल. चेंडू सुटला की आधी चेंडूकडे बघायचंच नाही, समोरच्या गार्डकडे, म्हणजे त्यांच्या पुढच्या फळीतल्या गड्याकडे बघायचं. त्याचं हेल्मेट खाली गेलं तर ते चेंडू घेऊन धावणार, वर आलं तर पास फेकणार. हे अंगात मुरायला मला एक सीझन लागला. पळणाऱ्याच्या कंबरेवर नजर ठेवायची, हे मात्र कुणाला शिकवावं लागलं नाही. चढाईला आलेला गडी डोळ्यांनी फसवेल, खांद्याने फसवेल, पण कंबर जाईल तिकडेच तो जाणार. उलट घोट्यावर झेपावायची जुनी खोड मोडताना भरपूर शिव्या खाल्ल्या. इथे खांदा लावायचा, डोकं बाजूला ठेवायचं आणि दोन्ही हातांनी कवळायचं.

शाळेची तीन वर्षं कशी गेली ते सांगण्यासारखं काही नाही, बरी गेली. मोठ्या कॉलेजांपैकी कुणी विचारलं नाही. शेवटी २०१८ च्या मेमध्ये मिडवेस्टमधल्या एका कॉलेजातून फोन आला, प्रिफर्ड वॉक-ऑन म्हणून ये. म्हणजे संघात जागा नक्की, पैसे नाहीत. "म्हणजे फुकटात मार खायचा?" आई म्हणाली. तसंच. कॉलेज एफसीएसमधलं, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटातलं, डिव्हिजन एकचंच, पण धाकट्या पातीतलं. वरच्या एफबीएसमध्ये तेव्हा संघाला ८५ शिष्यवृत्त्या असत, एफसीएसमध्ये ६३, आणि त्याही तुकडे करून वाटलेल्या. वॉक-ऑनच्या वाटेला त्यातलं काही येत नाही, पण कागद मात्र सगळे तेच लागतात.

आता कागदांचं. डिव्हिजन एकमध्ये खेळायचं तर एनसीएएच्या, म्हणजे इथल्या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या, पात्रता केंद्राकडून शिक्का लागतो. शाळेतले १६ मुख्य विषय पूर्ण हवेत, आणि त्यातले १० बारावी सुरू व्हायच्या आत. त्या दहातले ७ इंग्रजी, गणित आणि विज्ञानातले. मी अमेरिकेत आलो तो थेट दहावीत, त्यामुळे नववीचे विषय धरल्याशिवाय माझा दहाचा आकडा भरत नव्हता. आणि नववीपासून पुढचं जे वर्ष परदेशात झालं असेल, त्याची मूळ भाषेतली, सही-शिक्क्याची गुणपत्रिका आणि तिचं ओळीला ओळ लावून केलेलं प्रमाणित इंग्रजी भाषांतर द्यावं लागतं. नेपरविलच्या शाळेने मला घेतलं होतं ते शाळा सोडल्याच्या दाखल्यावर. त्यावर काय, "इयत्ता नववी उत्तीर्ण, वर्तणूक चांगली". गुण कुठेच नाहीत.

चूक माझीही होती. केंद्राचं खातं नववी-दहावीतच उघडून ठेवायला हवं, मी उघडलं बारावीच्या मेमध्ये. तोवर आपण डिव्हिजन एकपर्यंत पोचू असं वाटलंच नव्हतं. डिव्हिजन तीनमध्ये गेलो असतो तर खेळाची शिष्यवृत्ती तिथेही नव्हतीच, पण गुणांची ही तपासणी तरी नसती.

तर मामा शाळेत गेला. माझा मामा पीएमटीतून रिटायर झालेला, सरकारी खिडक्यांना न घाबरणारा माणूस. मेमध्ये उत्तर मिळालं, "शाळा १५ जूनला उघडेल, तेव्हा या." जूनमध्ये, "ॲडमिशनची गर्दी आहे, जुलैत या." जुलैत, "अर्ज द्या." अर्जावर विद्यार्थ्याची सही हवी म्हणाले. मी सही करून स्कॅन पाठवला, तर प्रिंट चालणार नाही, शाईची सही हवी. ती कुरियरने पाठवली. मग बाबांचं अधिकारपत्र हवं. तेही पाठवलं. मग अर्जात 'कारण' असा रकाना होता. मामा सरळ माणूस, त्याने लिहिलं, "फुटबॉल खेळण्यासाठी."

हेडक्लार्कने चष्मा वर केला म्हणे. "फुटबॉल खेळायला नववीची मार्कशीट? काका, आमची थट्टा करता का?"

मामाने सगळं समजावलं. "दहावीची असती तर बोर्डातून डुप्लिकेट निघाली असती," क्लार्क म्हणाले, "नववीची कोण मागतं हो?" आणि खरं सांगायचं तर त्यांचं चूक नव्हतं. नववीचा निकाल शाळेचा शाळेतच असतो, तो बाहेर कुणी विचारत नाही. शेवटी मामाने नवा अर्ज लिहिला, कारण 'उच्च शिक्षणासाठी', तेव्हा तो आत गेला. तुम्हीही हेच लिहा.

ऑगस्टच्या ३ तारखेला माझा कॅम्प सुरू झाला. कॉलेजच्या कॉम्प्लायन्स ऑफिसने (खेळाचे नियम पाळले जातात का ते बघणारं ऑफिस) सांगितलं, शिक्का नसताना ४५ दिवस सराव करता येईल, सामना नाही. शेहेचाळिसाव्या दिवशी हेल्मेट खाली. माझ्या खणावर नाव नव्हतं, चिकटपट्टीवर स्केचपेनने लिहिलेला नंबर होता. सकाळी सराव, दुपारी बर्फाच्या टबात, संध्याकाळी मीटिंग. रात्री साडेबारा वाजता पुण्यात अकरा वाजायचे आणि शाळेचं ऑफिस उघडायचं. मी वसतिगृहाच्या जिन्यात बसून मामाला फोन करायचो. ७ ऑगस्टपासून राज्य कर्मचाऱ्यांचा तीन दिवसांचा संप, त्यातच ९ तारखेला महाराष्ट्र बंद. मी इकडे दिवस मोजतोय आणि मामा तिकडून शांतपणे सांगतोय, "अरे, आज रस्त्यावर कुत्रं नाही, शाळा कसली उघडतेय!" एकदा मी त्याच्यावर ओरडलो. त्याबद्दल अजून वाईट वाटतं.

पहिला कागद १४ ऑगस्टला हाती आला. लेटरहेडवर एक परिच्छेद, सदर विद्यार्थी नववीची परीक्षा उत्तीर्ण झाला आहे. गुण नाहीत! म्हणजे जे दाखल्यावर होतं तेच मोठ्या अक्षरांत. परत अर्ज. दुसरा कागद दहा दिवसांनी, त्यात गुण होते, पण वर्ष २०१५-१६. म्हणजे कागदोपत्री मी नेपरविलमध्ये दहावीत आणि पुण्यात नववीत, दोन्हीकडे एकाच वेळी. मामाने दाखवल्यावर क्लार्क म्हणाले, "एका वर्षाने काय बिघडतं?" मामा म्हणाला, "माझं काही नाही हो, त्या पोराचं बिघडतं."

सुटका केली ती माझ्या वर्गशिक्षिका बाईंनी. त्यांची संस्थेच्याच दुसऱ्या शाळेत बदली झाली होती. मामाने त्यांचं घर शोधून काढलं. बाईंना मी आठवत होतो, कारण गुडघे फोडून वर्गात यायचो. त्या एका शनिवारी शाळा सुटल्यावर स्वतः आल्या, जुन्या इमारतीतलं कपाट उघडायला लावलं, आणि लाल फडक्यात बांधलेल्या गठ्ठ्यातून २०१४-१५ चं निकालपत्रक काढलं. त्यावरून कोऱ्या प्रगतिपुस्तकावर सगळे गुण स्वतःच्या अक्षरात उतरवले. शेऱ्याचा रकाना रिकामा ठेवायचा नसतो म्हणून तोही भरला, "खेळात विशेष प्रावीण्य. अभ्यासाकडे लक्ष द्यावे." मुख्याध्यापकांनी सोमवारी सही केली.

(दाखल्यावर जनरल रजिस्टर नंबर असतो. तो पहिल्या दिवशीच सांगा. आमचा आठवडा नुसता नावात गेला. शाळेत आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, आणि मधल्या बाबांच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एक ए कमी.)

भाषांतर शिवाजीनगर कोर्टाजवळ झालं, नोटरीसकट दोन तासांत. तिथे मामाला जरा आनंद झाला असावा. ओळीला ओळ म्हणजे सगळंच, बाईंचा शेरासुद्धा. म्हणजे मला फुटबॉल खेळू द्यावं म्हणून गेलेल्या फाइलमध्ये, मी अभ्यासाकडे लक्ष द्यावं असं लिहिलेलं आहे. आणि कार्यानुभव! भाषांतरकाराने त्याचं केलं 'वर्क एक्स्पीरियन्स'. कॉम्प्लायन्स ऑफिसातल्या बाईंनी मला बोलावून घेतलं. चौदाव्या वर्षी तू नोकरी करत होतास का? कुठे? पगार किती? मी सांगितलं, आम्ही नारळाच्या करवंटीचे शोपीस करायचो. त्यांनी ते लिहून घेतलं.

शिक्का आला १२ सप्टेंबरला, एकेचाळिसाव्या दिवशी. घरी फोन केला तर आईची हरतालिका होती, उपास होता, आणि ती रडली. दुसऱ्या दिवशी गणपती. मला मात्र त्या रात्री फक्त झोप आली.

आणि इतकं करून त्या वर्षी खेळलो किती? दोन सामने, तेही किकऑफला, म्हणजे चेंडू लाथाडून खेळ सुरू होतो तेव्हा, पळण्यापुरते. नियम त्याच वर्षी बदलला होता. चारपर्यंत सामने खेळूनही ते वर्ष खेळायच्या हक्काच्या वर्षांत मोजलं जात नाही, त्याला रेडशर्ट म्हणतात. बाकीचं वर्ष स्काउट टीममध्ये गेलं. पुढच्या शनिवारी ज्यांच्याशी सामना, त्यांचे डावपेच खेळून आपल्याच पहिल्या संघाचा मार खायचा. खरं तर मी बराचसा लाइनबॅकर तिथेच झालो. २०१९ मध्ये फक्त पंट आणि किकऑफ, म्हणजे चेंडू लाथाडायचे डाव. २०२० च्या शरद ऋतूत काहीच नाही, मग कोविडमुळे आमचा सीझन २०२१ च्या वसंतात गेला. फेब्रुवारीत, बर्फ बाजूला सारून, नाकात आठवड्याला तीन-तीन काड्या घालून घेत. त्याच साली शरदात पुन्हा सीझन, आणि त्यात मी विल म्हणून सुरुवातीपासून मैदानात. एका सामन्यात गार्डचं हेल्मेट वर आलं, मी मागे सरकलो आणि पास थेट माझ्या हातात पडला. पोटाशी धरून नऊ यार्ड पळालो. तो व्हिडिओ मामाच्या फोनवर अजून आहे, भाजीवाल्यालाही दाखवून झालाय. २०२२ मध्ये खांदा दोनदा निखळला आणि नोव्हेंबरमध्ये थांबलो. कोविडमुळे मिळालेलं खेळायचं एक जादा वर्ष शिल्लक होतं, ते घेतलं नाही.

हो, एक राहिलं. वैद्यकीय तपासणीत सिकल सेलची, म्हणजे रक्तातल्या एका आनुवंशिक दोषाची, चाचणी लागते, डिव्हिजन एकमध्ये ती २०१० पासून आहे. घरी घाबरू नका. मला तो शब्द विदर्भातल्या बातम्यांमुळे माहीत होता, म्हणून नर्सने विचारल्यावर मी उगाच घाबरलो होतो. जन्माच्या वेळचा रिपोर्ट असेल तर तोही चालतो, पण पुण्यातला तसला रिपोर्ट कुठून आणणार? सरळ रक्त द्या, पाच मिनिटांचं काम.

प्रगतिपुस्तकाच्या मामाने जादा दोन प्रती करून घेतल्या होत्या, दोन्हींवर मुख्याध्यापकांची शाईची सही. तुम्हीही घ्या, परत कोण जाणार तिथे! पण लॅमिनेट करू नका. मामाने एक केली, आणि तिच्यावर नोटरीचा शिक्का बसेना.